एक की दीड?

एक लिटर की दीड लिटर, हा प्रश्न मी रोज सकाळी दूध घेताना सहज सोडवतो. पाहुणे असतील तर दीड, नसतील तर एक. त्यामुळे शोरूममधल्या संस्कृती नावाच्या मुलीने, "सर, वन लिटर टर्बो की वन पॉइंट फाइव्ह?" असं विचारलं, तेव्हा मी गोंधळून जायचं काही कारण नव्हतं.

"घरात माणसं दोनच," मी म्हणालो. "एक पुरे."

"सर, मी इंजिनाबद्दल बोलतेय."

"मीही इंजिनाबद्दलच बोलतोय," मी म्हणालो. वयाच्या या टप्प्यावर माणसाला चुकण्याची भीती नसते, चूक कबूल करण्याची असते.

तिने समजावून सांगितलं की गाडी एकच आहे. तीच उंची, तीच लांबी, छताला तीच काच. फरक फक्त इंजिनाचा. मी विचारलं, "एक लिटरवाली चालते का?"

"चालते ना सर."

"मग दीडवाली काय करते?"

"तीपण चालते सर. पण जास्त कॉन्फिडन्सने."

कॉन्फिडन्स नसताना माझी सबंध नोकरी झाली, संसार झाला, तेव्हा गाडीचंही त्यावाचून अडू नये असं मला वाटलं. पण मी 'घरी विचारून सांगतो' असं म्हणून बसलो. पुढे जे काही घडलं ते या तीन शब्दांमुळे घडलं.

गाडी घ्यायची होती ती लेकीसाठी. उत्कर्षा आमची एकुलती एक. तिचं सासर विश्रांतवाडीला, आणि पहिलं बाळंतपण आमच्याकडे सदाशिव पेठेत. तिच्या ओटीभरणाला आम्ही आमची जुनी गाडी घेऊन गेलो, तेव्हा आमचे व्याही बापूराव त्या गाडीभोवती एकदा फिरले आणि त्यांनी टायरला बुटाचं टोक लावून पाहिलं. बापूराव मूळचे तिथलेच शेतकरी. शहर चालत चालत त्यांच्या बांधापर्यंत आलं आणि वावराच्या इमारती झाल्या. मार्केट यार्डात त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा आहे. आवाज अजून लिलावातलाच आहे.

"रंगनाथराव," ते म्हणाले, "सून नववा लागायच्या आत तुमच्याकडं येणार. न्यायला माहेरच्यांनी यायचं, ही रीत हाय. आमच्याकडं तीन गाड्या हायत, पर त्यातली एकबी धाडायचो न्हाई. आणि ह्या डबड्यात मी तिला बसवून देणार न्हाई. चार लोक काय म्हणतील?"

मुलीच्या सासऱ्याला 'नाही' म्हणायची सोय शास्त्रात केलेली नाही. मी त्याच आठवड्यात जुनी गाडी विकून टाकली. हे उत्कर्षाला कळल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, नवी घेऊन मग जुनी विकतात." हल्लीच्या मुलांना क्रमाचं फार.

आता सल्ला. माझा मेहुणा विक्रम पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होता. तो निवृत्त झाला तेव्हा खातं घरी घेऊन आला. आमच्याकडे जेवायला बसला की आधी पोळी उजेडाला धरून बघतो. त्याला नुसतं 'इंजिन' म्हटलं आणि त्याने पानावरून हात मागे घेतला.

"भाऊजी, लहान घ्या. टर्बो आहे. टॉर्क भरपूर. टॉर्क म्हणजे काय माहितीय?"

"साधारण," मी म्हणालो.

"ही लोणच्याची बरणी. झाकण उघडायला लागतो तो टॉर्क. बरणी घेऊन पळायला लागते ती पॉवर."

"बरणी घेऊन पळायचं कशाला?" सुहासिनीने विचारलं. सुहासिनी म्हणजे माझी बायको. तिने प्रश्न विचारला की विषय संपतो असा आजवरचा अनुभव. पण विक्रम तिचा सख्खा भाऊ, त्याला तो लागू पडत नाही. त्याने टॉर्क दाखवायला झाकणावर जोर लावला. मग पदर घेऊन सुहासिनीने लावला. मग मी. झाकण हललं नाही. त्या दिवशी आम्ही लोणच्याशिवाय जेवलो आणि मला टॉर्क कळला तो एवढाच, की तो आमच्या घरात कुणाकडे नाही.

"लहानच बरी," मी विक्रमला म्हणालो. बायकोच्या भावाला 'नाही' म्हणायची सोय शास्त्रात आहे, पण घरात नाही.

ही बातमी विश्रांतवाडीला कशी पोचली माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बापूरावांचा फोन. तो मी कानाला लावला नाही, तरी नीट ऐकू आला.

"लहान इंजन म्हंजे तीन शिलिंडर? रंगनाथराव, चुलीला तीन दगड ठीक हायत, इंजनाला चार पायजेत! त्ये उभं ऱ्हायलं की थरथर कापतंय. थंडीतल्या म्हाताऱ्यावानी. आमची सून काय कापत न्यायची? मोठंच घ्या. आपल्या वळखीचं शोरूम हाय नगर रोडला. वयनीस्नी द्या फोन."

वहिनींनी, म्हणजे सुहासिनीने, फोन घेतला. "हो हो, मोठीच बरी," ती म्हणाली. "अगदी खरंय तुमचं."

मी हे दारातून ऐकलं. आणि ती 'हो हो' हे बापूरावांना म्हणतेय, तिच्या मनाला नव्हे, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माझ्या लक्षात आली नाही.

मग मी स्वतःच निर्णय घ्यायचं ठरवलं, आणि दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. संस्कृती शेजारी बसली. शोरूमच्या फाटकातून आम्ही सातारा रस्त्याला लागलो आणि लागल्या लागल्या उभे राहिलो. पुढे बस, डावीकडे पाण्याचा टँकर, उजवीकडे लग्नाची वरात. बऱ्याच वेळाने संस्कृती म्हणाली, "सर, पिकअप फील झाला?"

"कुठे?" मी विचारलं.

दुसरी गाडी घेऊन निघालो तर तोच टँकर, तीच वरात. नवरदेव तेवढा घोड्यावरून उतरून रसवंतीत बसला होता. उभं राहायला दोन्ही इंजिनं सारखीच चांगली होती. फरक एकच. लहान इंजिन उभं असताना सीटखालून बारीक थरथर यायची, बसल्या जागी कुणी खांदे दाबून द्यावेत तशी. तीसुद्धा जरा वेळाने थांबली. म्हटलं, बंद पडली. संस्कृती म्हणाली, "नाही सर, हे फीचर आहे. सिग्नलला इंजिन आपोआप ऑफ होतं. पेट्रोल वाचतं."

"आणि ते नको असेल तर?"

"का नको असेल सर?" तिने विचारलं. "बटण आहे सर. पण ते कुणीच दाबत नाही."

इकडे आमच्या सोसायटीचे चेअरमन गाडीच्या वासावर होतेच. पार्किंगमध्ये प्रत्येकाची जागा पिवळ्या पट्ट्याने आखलेली आहे, आणि त्या पट्ट्याबाहेर कुणाचं चाक येऊ नये म्हणून हा गृहस्थ रात्रंदिवस जागा असतो. "परवानगीचं पत्र हवं ना? मग इंजिन कुठलं ते आधी कळवा," ते म्हणाले.

"गाडीची लांबी तीच आहे हो. इंजिन कुठलंही असलं तरी."

"असं कसं? मोठं पोट असलेला माणूस तेवढ्याच शर्टात बसतो का?"

यावर मी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं. गाडी पट्ट्यात बसते हे जागेवर सिद्ध करून दाखवा, मगच पत्र, असा त्यांनी निकाल दिला. नसलेली गाडी जागेवर कशी दाखवायची? शेवटी विक्रमने टेप धरला आणि सुहासिनीने फरशीवर रांगोळीने गाडीची बाह्यरेषा काढली. आरशांसकट. चेअरमननी वाकून पाहिलं आणि आठ दिवस निरीक्षणासाठी ती तशीच ठेवायला सांगितली. ते आठ दिवस इमारतीतली माणसं त्या रेषेला वळसा घालून जात होती. कुरिअरवाला एकदा चप्पल काढून उभा राहिला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "कोण गेलं, काका?"

एवढं होऊनही इंजिन ठरलं नव्हतंच. तेव्हा मी अतिशय विचारपूर्वक एक मूर्खपणा केला. बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात, हे संस्कृतीने सांगितलं होतं. पैसे परत मिळतात म्हटल्यावर आमच्या पेठेतला माणूस विमानाचंही बुकिंग करून ठेवील. मी सातारा रोडच्या शोरूममध्ये माझ्या नावाने लहान इंजिन नोंदवलं, म्हणजे विक्रम खूश. बापूरावांच्या ओळखीच्या नगर रोडच्या शोरूममध्ये सुहासिनीच्या नावाने मोठं, म्हणजे व्याही खूश. मुहूर्त दोन्हीकडे दसऱ्याचा. त्याच दिवशी गाडी घ्यायची, तशीच विश्रांतवाडीला न्यायची आणि लेकीला घेऊन यायचं. तोवर एक नाव कापायचं. कुठलं, ते सावकाश ठरवू.

सावकाश ठरवताना माझ्या मनात सारखं एकच यायचं. सुहासिनीने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. फोनवर ती 'मोठीच बरी' म्हणाली, तर मोठी घेऊ. तेव्हा दसऱ्याच्या आधी, तिला न सांगता, मी माझं बुकिंग रद्द करून टाकलं. मन फार मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर शोरूमचे फोन यायचे थांबले, त्यामुळे मनाला शांतताही लाभली.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं नवे कपडे घालून, खिशात चेकबुक ठेवून रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने झेंडूचे हार घालून रिक्षा मखरासारखी सजवली होती. त्याने मीटर टाकला. मी म्हणालो, "नगर रोड."

त्याच क्षणी सुहासिनी म्हणाली, "सातारा रोड."

रिक्षावाल्याने मीटर परत वर केला. "आधी घरी ठरवून या," तो म्हणाला.

"अहो, सातारा रोड. तुमची लहान गाडी," सुहासिनी म्हणाली.

"लहान कुठली? ती मी रद्द केली. तुला मोठी हवी होती ना?"

"मला?" ती म्हणाली. "मी बापूरावांना बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. तुम्हीच तर विक्रमला म्हणालात लहानच बरी. म्हणून मोठी मी रद्द केली."

"ते मी विक्रमला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं."

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे पाहत होता. दसऱ्याच्या दिवशी सकाळी सकाळी, भाडं न देणारं पण इतकं बघण्यासारखं गिऱ्हाईक त्याला आजवर मिळालं नसावं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बापूराव. नारळ, हार आणि चार माणसं घेऊन ते नगर रोडला पोचले होते. "रंगनाथराव, ही पोरं म्हणत्यात हितं तुमची गाडीच न्हाई!" दुसऱ्या फोनवर विक्रम. तो पेढे घेऊन सातारा रोडला उभा होता. त्याला सुहासिनीने सांभाळलं, बापूरावांना मी. दोघांनाही आम्ही एकच सांगितलं: विश्रांतवाडीला या, बाकी तिथे बोलू. मग रिक्षावाल्याला म्हटलं, "विश्रांतवाडी. आणि येताना एक सवारी वाढेल."

आळंदी रस्त्याने जाताना माझा जीव खरोखर थोडा थोडा झाला होता. लेक पहिलटकरीण. व्याह्यांनी सगळ्या भावकीसमोर रीत सांगून ठेवलेली. आणि मी तिला न्यायला निघालो होतो तो तीन चाकांवर. इंजिनाच्या वादात बाप म्हणून माझी अब्रू अशी निघेल, असं कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. शेजारी सुहासिनी झेंडूच्या पाकळ्या साडीवरून झटकत होती. "आता कसं सांगायचं त्यांना?" ती म्हणाली. मी म्हणालो, "तू सांग." ती म्हणाली, "मी मोठीच बरी म्हणेन हां परत."

बापूराव आमच्या आधी पोचून दारात उभे होते. त्यांनी रिक्षा पाहिली. मग रिक्षाच्या मागे पाहिलं, मागून काही येतंय का. काही आलं नाही.

"रिक्षा?" ते म्हणाले.

'चार लोक काय म्हणतील' यातले ते चार लोक समोरच्या कट्ट्यावर हजर होते. ते काही म्हणाले नाहीत. एकाने फोटो काढला.

मी तोंड उघडणार तोच उत्कर्षा एका हाताने कंबर धरत पायऱ्या उतरून आली, आम्हा कुणालाही न विचारता रिक्षात बसली आणि हुश्श करून मागे टेकली. "बाबा, मला बसायला जागा हवी होती," ती म्हणाली. "सीसी नको होत्या. आई, तू या बाजूला ये."

बापूरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कट्ट्याकडे. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, तीनदा रिक्षावरून ओवाळला आणि पुढच्या चाकाजवळ फोडला. त्यांनी आणलेला हार मोठ्या गाडीच्या मापाचा होता. रिक्षाला त्याचे तीन वेढे बसले आणि रिक्षावाल्याला समोरचं दिसेनासं झालं. विक्रम पोचला तो धापा टाकत. त्याने सगळ्यांना पेढे वाटले, आणि रिक्षाभोवती फिरून, "एकच सिलिंडर आहे, पण मेंटेन चांगली ठेवलीय," असा शेरा दिला. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, आता सरका. पेशंट बसलंय."

मुलगी झाली. नाव ठेवलं मुक्ताई, बापूरावांच्या आईचं. आता सगळं गोड झालं असं वाटत असतानाच नातीने आवाज लावला. आवाज आजोबांवर गेला होता, लिलावातल्या. दिवसभर शहाण्यासारखी झोपायची, आणि दिवेलागण झाली की जे रडायला सुरुवात करायची ते आम्हा सगळ्यांना रडू येईपर्यंत. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पोटाला हिंग लावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तब्येत उत्तम आहे, काही मुलं रडतात." चेअरमननी वरच्या मजल्यावरून विचारणा केली की, हे कायमस्वरूपी आहे का. उत्कर्षाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. ती बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डोळे मिटायची, आणि मला गाडीबिडी सगळ्याचा विसर पडला होता.

संस्कृतीला मात्र पडला नव्हता. "सर, आता गाडी घरी घेऊन येते. फॅमिलीसोबत ड्राइव्ह घ्या," तिचा फोन आला. सव्वा महिना झाला होता, लेक-नातीला देवळात न्यायचंच होतं. ती लहान इंजिनवाली घेऊन आली. मी चालवायला, ती शेजारी, मागे तिघीजणी. मुक्ताई बिल्डिंगच्या फाटकापासून रडत होती. टिळक रोडला लागेपर्यंत रडली. चौकात सिग्नल लाल झाला, मी गाडी थांबवली. सीटखालून ती बारीक थरथर सुरू झाली.

रडणं थांबलं.

आम्ही आरशातून बघितलं. मुक्ताई आईच्या मांडीवर डोळे मिटून, मूठ उघडून, गाढ झोपली होती. उत्कर्षाने श्वास रोखून धरला होता. तेवढ्यात त्या फीचरने इंजिन बंद केलं. थरथर थांबली. मुक्ताईने एक डोळा उघडला.

"बटण!" आम्ही तिघंही ओरडलो. संस्कृतीने जन्मात पहिल्यांदा ते बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मोठं इंजिन आणवलं, कारण बापूरावांना अन्याय वाटायला नको. ते स्वतः पुढे बसले. गाडी इतकी गुळगुळीत उभी राहिली की चालू आहे की नाही कळेना. मुक्ताई अलका चौक ते स्वारगेट आणि स्वारगेट ते घर अखंड रडली. घरी उतरताना बापूराव गंभीरपणे म्हणाले, "पोरीला कळतंय. माझी नात हाय. तीन शिलिंडरच घ्या, मी पयल्यापासून म्हणतोय."

विक्रम मात्र अजून नाराज आहे. "भाऊजी, तुम्ही ती टॉर्कसाठी घ्यायला हवी होती," तो म्हणतो. "तुम्ही ती तिच्या दोषासाठी घेतलीत."

गाडी आली. पिवळ्या पट्ट्यात बसली. चेअरमननी रांगोळीच्या उरलेल्या खुणांशी ताडून पाहिली. ती धावते कशी, घाट चढते का, हे मला अजून माहीत नाही. रोज संध्याकाळी आम्ही ती उभी करायला बाहेर काढतो. गाडी चालायला लागली की नात रडते, थांबली की झोपते, आणि तिच्याबरोबर तिची आईही मान टेकवून झोपते. म्हणून पुण्यात जिथे वाहतूक तुंबली असेल तिथे आम्ही जातो. बापूराव यार्डातून कळवतात, "रंगनाथराव, गुलटेकडीला ट्रक आडवा झालाय, बिगी बिगी या!" विक्रम रोज कुठल्या पुलावर किती खोळंबा होतो याचा अभ्यास करतो. सिग्नल हिरवा झाला की हळहळणारा या शहरात मी एकटाच माणूस असेन. मागचे हॉर्न वाजवतात, पण हॉर्नने ती उठत नाही. शेवटी पुण्याचीच आहे.

परवा लक्ष्मी रोडच्या तोंडाशी फार सुरेख कोंडी मिळाली. चारी बाजूंनी गाड्या, कुणाला हलायला जागा नाही. मुक्ताई झोपली. उत्कर्षा झोपली. सुहासिनीचाही डोळा लागला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून, सीटखालची थरथर अनुभवत, कित्येक महिन्यांनी निवांत बसलो होतो. तेवढ्यात चौकातल्या पोलिसाची नजर मागच्या सीटवर गेली. तान्हं बाळ, शेजारी थकलेली आई. त्याच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. शिट्टी फुंकत तो गर्दीत घुसला, बस मागे सारली, टेम्पो बाजूला काढला, दोन्हीकडची वाहनं रोखून धरली आणि माझ्यासाठी मधोमध स्वच्छ, रिकामा रस्ता करून दिला.

"जा काका, जा!" तो म्हणाला. "बाळ आहे, आधी तुम्ही जा!"

इतकी वर्षं या शहरात गाडी चालवतोय. वाट कुणी करून दिली ती पहिल्यांदाच.

"अहो, नको," मी काच खाली करून हात जोडले. "नंबर लागेल तेव्हा जातो."